आगळात जे नाही ते

गुरुदास आचरेकर एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे मालवणच्या स्टँडवर काचेच्या खोलीत बसून माइकवरून गाड्या जाहीर करायचे. एकतीस वर्षं. या एकतीस वर्षांत 'माहीत नाही' हे शब्द त्यांच्या तोंडून माइकमध्ये एकदाही गेले नाहीत. आंबोलीच्या घाटात दरड कोसळून बेळगावची गाडी सकाळपासून अडकलेली असली, तरी गुरुदास खणखणीत आवाजात सांगायचे, 'थोड्याच वेळात फलाट क्रमांक दोनवर येत आहे.' लोक पिशव्या उचलून उभे राहायचे. मग गाडी आली नाही तर तो गाडीचा दोष. घोषणेत काही चूक नसायची. निवृत्त झाल्यावर काच गेली, माइक गेला, पण ती खात्री तेवढी घरी आली, आणि ती घरात कुठे ठेवायची हा सुशीलाबाईंपुढे प्रश्न होता.

सुशीलाबाई म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या आगळ करायच्या. पिकलेली रातांबी, म्हणजे कोकमाची फळं, फोडून, मीठ लावून, ऊन दाखवून काढलेला तो गडद लाल रस साध्या धुतलेल्या बाटलीत भरला की झालं. बाटलीवर कागद नाही, नाव नाही. कुणाचं आगळ हे गावात रंगावरून कळायचं, आणि रंगावरून ज्याला कळत नसे त्याला आगळाची गरजच नाही असं सुशीलाबाईंचं मत होतं. मार्गशीर्षात रवळनाथाच्या देवळात समाराधनेचं गावजेवण असतं. त्यातली सोलकढी गेली अठरा वर्षं त्यांच्याच आगळाची. या मानाबद्दल त्या कधी अवाक्षर काढत नसत. फक्त त्या दिवशी ट्रंकेतली हिरवी साडी बाहेर निघायची.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना शेजारच्या भाईच्या होमस्टेमध्ये पुण्याची एक बाई उतरली. भाईने तिला आगळासाठी इकडे धाडलं. तिने बाटली हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, बूडसुद्धा पाहिलं आणि विचारलं, "काका, हे जीएम-फ्री आहे ना?"

गुरुदासांनी ती अक्षरं जन्मात पहिल्यांदा ऐकली होती. "शंभर टक्के!" ते म्हणाले, फलाट क्रमांक दोनच्या आवाजात.

"मग तसं लिहीत का नाही? आपण काय खातोय हे कळायला नको का? तो ग्राहकाचा हक्क आहे."

बाई बाटल्या घेऊन गेली. गुरुदास मात्र त्या हक्कासह अंगणात उभे राहिले. आपण इतकी वर्षं कुणाचा तरी हक्क मारत होतो, ही गोष्ट सरळ मनाच्या माणसाला लागतेच. जेवताना त्यांनी विषय काढला.

"गो, तू आगळात जी.एम. घालतंस?"

"मी मीठ घालतंय."

"ता माका ठावक आसा. जी.एम.?"

"मीठ म्हटलंय मा!"

बायकोकडून शास्त्रीय उत्तर मिळेना म्हटल्यावर गुरुदासांनी अभ्यासाला हात घातला. योगायोगाने टीव्हीवर त्याच विषयावर चर्चा होती. पडद्यावर सहा चौकटी आणि सहा माणसं. पहिला शास्त्रज्ञ म्हणाला, एका जिवातला गुण काढून दुसऱ्या पिकात घालतात, परदेशात लोक वर्षानुवर्षं खाताहेत, काही झालेलं नाही. दुसरा म्हणाला, झालेलं नाही म्हणजे कुणी नीट पाहिलेलं नाही. तिसरा शेतकरी होता, त्याला कापसाबद्दल काहीतरी सांगायचं होतं, ते राहून गेलं. चौथ्या चौकटीतली बाई म्हणाली, चांगलं असो की वाईट, पाकिटावर लिहा. पाचवा म्हणाला, लिहिलंत तर लोक विनाकारण घाबरतील. सहावा हा चर्चा चालवणारा असल्यामुळे नुसताच ओरडत होता. गुरुदास वही घेऊन बसले होते. तासाभराने वहीत असा मजकूर जमला: 'सुरक्षित आहे. नाही. आहे, पण. लिहा.' यातलं त्यातल्या त्यात करता येण्याजोगं असं शेवटचंच होतं.

कोकणात माणूस एखादं काम स्वतःच्या अकलेने करत नाही, शेजाऱ्याच्या करतो. भाईचा सल्ला तयारच होता.

"गुरुदासा, आजकाल काय आसा ता कोण वाचणा नाय. काय नाय ता वाचतत. माझ्या पाटयेर मी 'डास नाय' म्हणान लिवलंय."

"आणि डास?"

"डास आसत. पण तेंका खंय वाचूक येता?"

गुरुदास तडक प्रीतमच्या छापखान्यात गेले. प्रीतम एरवी लग्नपत्रिका आणि दशावताराची हँडबिलं छापतो. त्याचा या क्षेत्रातला सिद्धान्त असा की, असलेली वस्तू आपोआप दिसते, नसलेली मोठ्या टायपात छापावी लागते. त्यानुसार लेबलावर तांबड्या जाड अक्षरांत 'यात जी.एम. नाही' असं आलं आणि त्याच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'कोकम आगळ'. कोकमाचं चित्र त्याच्या कॉम्प्युटरात नव्हतं. मक्याचं कणीस होतं. त्यावर त्याने फुली मारली. पाचशेच्या खाली छपाई होत नाही असंही सांगितलं, आणि गुरुदासांनी ते मान्य केलं.

सुशीलाबाईंनी लेबल डोळ्यांपासून लांब धरून पाहिलं.

"अवो, ह्यो मको कित्याक?"

"शास्त्रीय आसा ता."

"आणि आगळ खंय लिवलाहा?"

"खाली. बारीक."

त्या लेबल परत देऊन आत गेल्या. नवरा निवृत्त झाल्यापासून काही न बोलण्याची त्यांना सवय झाली होती. गुरुदासांनी खळ शिजवली, माजघरात फतकल मारली आणि दोन दिवसांत घरातली एकूण एक बाटली कणसाने सजवली.

पहिला घाव आनंदीबाईंनी घातला. आनंदीबाई गावातल्या सर्वांत वयस्कर, शिक्षण चौथीपर्यंत. त्या काठी टेकत आल्या. हातात सुशीलाबाईंचीच जुनी, अर्धी संपलेली, लेबल नसलेली बाटली.

"गुरुदासा, नव्या बाटलयेर नाय म्हणान लिवलंस. माझ्या ह्या बाटलयेर लिवलेला नाय. म्हणजे ह्यात होता?"

"नाय गो, आनंदीबाय. त्यातपण नव्हता."

"मगे लिवलंस नाय कित्याक?"

"तेव्हा माका जी.एम. म्हणजे काय ता ठावक नव्हता."

"जा तुका ठावकच नव्हता, ता नव्हता म्हणान तुका कसा ठावक?"

एस.टी.च्या एकतीस वर्षांच्या सेवेत असा प्रवासी गुरुदासांना भेटला नव्हता.  आनंदीबाईंनी बाटली पायरीवर ठेवली. "अठरा वर्सा पितंय. माझो गुडघोपण अठराच वर्सा दुखता," एवढं बोलून त्या गेल्या, आणि ज्या वेगाने गेल्या तो पाहता गुडघा तितकासा दुखत नसावा.

दुपारपर्यंत ही गोष्ट मासळीबाजारात पोचली. संध्याकाळपर्यंत पायरीवर जुन्या बाटल्यांची रांग लागली. 'नाही' असं छापलंय म्हणजे काहीतरी असलं पाहिजे, नसलेल्या गोष्टीसाठी माणूस छापखान्यात कशाला जाईल, हा गावाचा हिशेब होता आणि तो खोडून काढणं कठीण होतं. सर्वांत शेवटी शेजारची शेवंती आली. शेवंती मयेकरसुद्धा आगळ करायची. तिच्या आणि सुशीलाबाईंच्या परड्याच्या मधल्या दगडी गडग्यावर रातांब्याचं एकच झाड होतं. अर्ध्या फांद्या इकडे, अर्ध्या तिकडे. दोघी दर वैशाखात त्या एका झाडाखाली बसून, गजाली करत रातांबी फोडायच्या.

"भावोजी," शेवंती म्हणाली, "तुमच्यात नाय म्हणजे आमच्यात आसा?"

"तसा खंय लिवलाहा?"

"लिवलेला नाय. पण वाचताना तसाच दिसता."

आता सरकारी शिक्का आणल्याशिवाय तरणोपाय नव्हता. शिक्क्यापुढे गाव वाकतं, हे गुरुदास अनुभवाने जाणत होते. ते इस्त्रीचा शर्ट घालून, बाटली पिशवीत घालून जिल्ह्याच्या ठिकाणी ओरोसला गेले. तिथे अन्नाच्या खात्यात गौरजा नावाच्या तरुण मॅडम होत्या. स्वभावाने चांगल्या. त्यांनी बसायला खुर्ची दिली, लेबल पाहिलं, कणसावर बोट ठेवलं आणि ते कणीस सोडून देऊन थेट मुद्द्यावर आल्या.

"आचरेकर, हा दावा आहे. दाव्याला पुरावा लागतो."

"पुरावा कसला? नाहीच आहे ते!"

"नसल्याचाच पुरावा लागतो. प्रयोगशाळेत विचारा."

प्रयोगशाळेला तिथूनच फोन लागला. पलीकडच्या गृहस्थांनी विचारलं, "नक्की कोणता जीन शोधायचा आहे?"

"जो नाही तो."

"अहो, जी.एम. कोकम कुणी तयार केल्याचं आमच्या तरी ऐकिवात नाही. मग त्याची चाचणी कुठली? कुणी घातलंच नाही ते शोधायचं कसं?"

"मग तसं लिहून द्या."

"चाचणीशिवाय लिहून देता येत नाही."

"मग चाचणी करा."

"चाचणीच नाही ना!"

गुरुदासांनी फोन हळूच खाली ठेवला. मॅडमनी त्यांना पाणी दिलं.

"कुठल्याच आगळात नसलेली गोष्ट फक्त तुमच्या आगळात नाही असं लिहिलं, की लोकांची दिशाभूल होते," त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "तुमच्या आगळात हत्तीसुद्धा नाही. लिहिलंत का तसं?"

परतीच्या गाडीत गुरुदासांनी या मुद्द्याचा खरोखर विचार केला. हत्ती निदान जिल्ह्यात आहेत. दोडामार्गात येऊन लोकांच्या केळी खातात. तेव्हा आगळात हत्ती नाही हे लिहिण्याला जी.एम.पेक्षा जास्त आधार होता. पण कसाल मागे पडेपर्यंत त्यांना मॅडमचं खरं म्हणणं उमगलं: आक्षेप 'फक्त तुमच्या' याला होता! तो दूर करणं सोपं होतं. ते घरीही न जाता प्रीतमकडे गेले, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक बाटलीवर पहिल्या लेबलाखाली दुसरी पट्टी चिकटली: 'तसेच शेवंती मयेकर यांच्या आगळातही नाही.'

शेवंती या वेळी अंगणात आलीच नाही. गडग्यापलीकडून बोलली, आणि ते वरच्या वाडीपर्यंत ऐकू गेलं.

"माझा नाव तुमच्या बाटलयेर? माका न इचारता? आता लोक म्हणतत, शेजाऱ्याक छापून सांगूचा लागला म्हणजे कायतरी आसतलाच! सुशीले, तुझ्या घोवाक आवर, नायतर माझ्या अंगणात पाय ठेव नको!"

सुशीलाबाईंनी हे चुलीपाशी बसून ऐकलं. त्यांनी भांडण केलं नाही, डोळ्याला पदर लावला नाही. फक्त त्या दिवसापासून बांगड्याच्या कढीत कोकमाची सोलं पडायची बंद झाली. बायको बोलेनाशी झाली तर मालवणी माणूस दिवस काढतो. सोलाशिवायचा बांगडा मात्र त्याला आतून पोखरतो. गुरुदास तीन दिवस ती पांचट कढी खाली मान घालून जेवले. आपण काय केलं हे त्यांना अजून नीट कळलं नव्हतं, पण आपणच केलं, एवढं कळलं होतं.

चौथ्या दिवशी जयराम आले. जयराम म्हणजे देवस्थानचे मानकरी, रवळनाथापुढे गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांच्या घराण्याकडे. ते ओटीवर बसले, पाणी प्याले, समुद्राकडे पाहिलं. मग म्हणाले, "समाराधना परवा. सोलकढी नको असा कोण म्हणणा नाय. पण लोकांच्या मनात संशय आसा. तेव्हा देवाक कौल लावया."

सुशीलाबाई आत नारळ खवत होत्या. विळीचा आवाज थांबला.

"अठरा वर्सा देवान गुमान पियाल्यान," त्या दारात येऊन म्हणाल्या, "आणि आता तेका इचारतास?"

"देवाचा काय नाय गो. लोकांचा आसा."

"मी करून हाडतलंय. लोकांका नको आसात तर माडाच्या मुळात वता."

एवढं म्हणून त्या पुन्हा विळीपाशी जाऊन बसल्या. गुरुदासांना त्या क्षणी आपल्या सगळ्या घोषणांची लाज वाटली. जिच्या हाताला अठरा वर्षांत कुणी नाव ठेवलं नाही, तिच्या हातावर संशय आणायला बाहेरचा कुणी आला नव्हता. घरचाच माणूस खळ शिजवून बसला होता.

समाराधनेच्या दिवशी देऊळ भरलं. हिरवी साडी नेसून सुशीलाबाई सभामंडपाच्या टोकाला सोलकढीच्या टोपापाशी बसल्या होत्या. देवळातली म्हणून लसूण नाही, नारळाचा रस, मिरची, कोथिंबीर आणि आगळ. गुलाबी रंग असा आला होता की बघणाऱ्याला तहान लागावी. पण टोपाजवळ कुणी फिरकत नव्हतं. शेवंती मुद्दाम पाठ करून बसली होती.

महादू गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. जयरामांनी हात जोडले. गाऱ्हाण्याची पद्धत अशी की मानकऱ्याने एक वाक्य म्हणायचं आणि गावाने एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं.

"बा देवा रवळनाथा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझी लेकरा तुझ्या पायाकडे जमली आसत!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या गुरुदासान बाटलयेर कायतरी नाय म्हणान लिवल्यान, ता खरोखर नाय काय नाय म्हणान आसा..." जयराम अडखळले, "ता काय ता तुकाच ठावक म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळे फुलांकडे पाहत राहिले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. भाताची वाफ विरली. फुलं जागची हलेनात. कुणीतरी म्हणालं, पंखा लावा. जयरामांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो खांबाआड गेला. शेवटी महादू गाभाऱ्यातून बाहेर आला आणि त्याने निदान केलं.

"देवाक प्रश्न समजाक नाय."

"मग जेचो प्रश्न, तेणाच समजावंदे," भाई मागून ओरडला, आणि देवळाच्या स्पीकरचा माइक हातोहात गुरुदासांपर्यंत आला.

किती वर्षांनी! हातात माइक आला आणि गुरुदासांची पाठ आपोआप ताठ झाली. "भाविकांनी कृपया लक्ष द्यावे," त्यांनी सुरुवात केली. "जी.एम. म्हणजे एका जिवातला गुण काढून दुसऱ्या जिवात घालतात..."

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणालं. सवयच ती.

"काही शास्त्रज्ञ म्हणतात, त्याने काही होत नाही..."

"व्हय म्हाराजा!"

"काही म्हणतात, होतं..."

"व्हय म्हाराजा!"

"लिहावं तर लोक घाबरतात. न लिहावं तर..." आणि इथे त्यांची नजर टोपाकडे गेली. सुशीलाबाई हातात वाढायचा डाव धरून बसल्या होत्या आणि त्यांच्याकडेच पाहत होत्या. रागाने नव्हे. गाडी चुकलेली बाई स्टँडवर घड्याळाकडे बघते तशा. गुरुदासांच्या घशातला एस.टी.चा आवाज गेला, आणि जो राहिला तो त्यांचा घरचा होता.

"माका ह्यातला कायेक कळणा नाय," ते माइकमध्ये म्हणाले. "तेव्हाय कळलेला नाय, आताय कळणा नाय. ती पुण्याची बाई इचारी होती, आणि माका ठावक नाय म्हणूक लाज वाटली. तितक्याच. आगळ माझ्या बायलेन केल्यान. तेच्यात ती मीठ घालता. मी गाढव आसय."

"व्हय म्हाराजा!" सगळं गाव एकमुखाने, मनापासून म्हणालं.

 मग आनंदीबाई हसल्या, आणि मग कुणालाच आवरलं नाही. सुशीलाबाई उठल्या. त्यांनी एक वाटी भरली, सर्वांसमोर उभ्याने प्यायली. दुसरी भरली आणि सरळ शेवंतीपुढे धरली. सगळ्या माना तिकडे वळल्या. शेवंतीने वाटीकडे पाहिलं, सुशीलाबाईंकडे पाहिलं, एक घोट घेतला, जिभेवर फिरवला.

"मीठ कमी आसा," ती म्हणाली.

"कमी?" आनंदीबाई काठी टेकत पुढे आल्या. "बघूया, ती वाटी हाड हंय!"

जयरामांना बरोबर वाटलं, भाईला जास्त वाटलं, प्रीतमने मत बनवण्यासाठी दोन वाट्या घेतल्या. समाराधनेची पंगत बसायच्या आधीच टोप निम्मा झाला आणि गाव मिठावरून उभं दुभंगलं. एवढ्यात गाभाऱ्यातून महादू ओरडला, "पडला! पडला! उजवा फूल पडला!"

"पडला?" जयराम वाटी घेऊन धावले. "पण प्रश्न काय होतो?"

कुणालाच आठवेना. शेवटी जयरामांनी देवाला हात जोडले आणि पानं मांडायला सांगितलं.

त्या संध्याकाळी गुरुदासांच्या ताटात तिरफळं घातलेली बांगड्याची कढी आली. त्यांनी बोटाने चाचपलं. सोलं होती, एक नव्हे, चार. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मिरचीचं नव्हतं. समोर सुशीलाबाई बसल्या होत्या, पण त्यांचं लक्ष ताटात नव्हतं. गडग्यापलीकडे शेवंतीच्या घराकडे बघत त्या म्हणाल्या, "मीठ कमी म्हणता! माझा मीठ कधी चुकला नाय. बरोबर होता मा?"

गुरुदासांनी दुपारी तिथे सोलकढीचा थेंबसुद्धा चाखला नव्हता. ते तर मान खाली घालून खांबाला टेकून बसले होते. त्यांनी कढीतल्या चार सोलांकडे पाहिलं, घसा साफ केला आणि फलाट क्रमांक दोनच्या आवाजात सांगितलं, "शंभर टक्के!"